वाशाला टांगलेली तवशी

खोलीची उंची मोजताना मी टेप थेट वाशाला लावली आणि वाशाला टांगलेली तवशी, म्हणजे मोठाल्या जून काकड्या, जमेस धरायला विसरलो. दुबईहून आलेल्या माझ्या धाकट्या भावाला घरात गोल्फ खेळायचा होता. रत्नागिरीत एवढा कातळ उघडा पडलाय, पण ह्या शहाण्याला चेंडू पडद्यावर मारायचा होता. तो किती लांब गेला असता, हे म्हणे यंत्र सांगणार! काठी फिरवायला दहा फूट उंची हवी. ती होती फक्त बायकोच्या कोठीत.

"वहिनी, तुमचं सामान पडवीत हलवू," हा परस्पर म्हणाला. मीही नंदीबैलासारखी मान डोलावली.

साहेबांनी ऐटीत काठी मागे उचलली. चेंडू जागचा हलला नाही. पिकलेलं तवसं मात्र फुटून यंत्रावर पडलं. यंत्र बंद! भाऊ माझ्याकडे बघत राहिला, मी टेप गुंडाळत राहिलो.

बायको दारातूनच म्हणाली, "भावोजी, कोठी काही मिळायची नाही. हातपाय धुऊन या, या तवशाचं गोड धोंडस भाजते. आणि अहो, तुम्ही यापुढे माझ्या खोलीबाबत होकार देण्याआधी मला विचारा."