बावीस जण ठणठणीत

बावीस मेडिकल फॉर्म आले आणि बावीसही जण ठणठणीत निघाले, तेव्हाच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. सगळे साठीच्या पुढचे, आणि एकालाही साधी बीपीची गोळी नाही?

मी अमेरिकेत, श्रूजबरीत ट्रॅव्हल एजंट आहे, मराठी मंडळींच्या ग्रुप टूर्स काढते. ही टूर अलास्काहून उत्तरेला, बर्फातून जाणाऱ्या एक्स्पिडिशन शिपवर होती. म्हणजे छोटं जहाज, एकच डॉक्टर आणि हॉस्पिटल दोन-तीन दिवसांच्या अंतरावर. म्हणून तर फॉर्म.

सगळ्यांचे फॉर्म भरले होते ग्रुपचे पुढारी साने काकांनी. रिटायर्ड इंजिनिअर. ध्रुवाकडच्या जुन्या मोहिमांचं भारी वेड. जहाजावर रोज भाषण देणार होते. मी फोन केला.

"काका, कुणालाच काही नाही?"

"अगं, बीपी-शुगर म्हणजे काय आजार आहे? ते सगळ्यांनाच असतं. उगाच 'यस' लिहायचं आणि जहाजवाल्यांनी कॅन्सल करायचं!"

मी वाद घातला नाही. टूरआधीची मीटिंग माझ्या घरी ठेवली, जेवणासकट. श्रीखंड वाढलं मात्र, पर्समधून, खिशांतून गोळ्यांच्या डब्या बाहेर आल्या. अख्खं टेबल भरलं.

काकांनी डबी काढली नाही. पण लोणचं-पापड बाजूला सारले. पाणी स्वतःच्या बाटलीतलं, तिच्यावर मार्करने रेघा. माझ्या बाबांकडे अशीच बाटली होती. हृदय नीट पंप करत नसलं की डॉक्टर मीठ तोडतात, पाणीसुद्धा मोजून प्यायला लावतात. काकांचे पाय सुजून मोज्यांत मावत नव्हते. मला भीती वाटली, आणि रागही आला.

जेवणानंतर काकांनी गोष्ट सांगितली. बर्फात अडकलेली दोन जहाजं. शोधायला गेलेल्यांना दगडांच्या ढिगात एक चिठ्ठी मिळाली. मधोमध लिहिलेलं, सगळं ठीक. त्याच कागदाच्या कडेला, नंतर लिहिलेलं: कप्तान वारला, जहाजं सोडली. कुणीच परत आलं नाही.

सगळे गेल्यावर मी त्यांना किचनमध्ये थांबवलं.

"काका, तुमच्या फॉर्मच्या कडेला काय लिहू?"

ते बाटलीकडे बघत राहिले. "मला नाही घेणार गं ते."

"नाही घेणार."

"चाळीस वर्षं वाचतोय मी त्या बर्फाबद्दल."

फॉर्म नव्याने भरले. बीपी-शुगरवाल्यांना जहाजाच्या डॉक्टरने एवढंच सांगितलं, गोळ्या जास्तीच्या आणा. एकवीस जण गेले, सोबत मी. काकांनी भाषणांच्या वह्या दुसऱ्याच्या हाती पाठवल्या, माझ्याशी बोलले नाहीत. जहाजावर त्या मीच वाचून दाखवल्या.

हल्ली मी आधी जेवायची पानं वाढते, मगच फॉर्म भरून घेते.

परत आल्यावर काकांना फोन केला.

"कसे आहात?"

"ठीक."

"आणि कडेला?"

काका म्हणाले, "सूज उतरलीय. राग नाही उतरलेला."