पंपातले बोंबील

माझी सून प्रॅक्टिकलच्या जर्नलमधली चित्रांची पानं फाडून खाली टाकत होती आणि किनाऱ्यावरच्या डोंगरीहून शिकायला येणारी मुलगी ती गोळा करत होती.

"ठेवू नकोस गं," सून म्हणाली. "कोणाला दिसली तर जर्नलवर सही मिळणार नाही."

मुलगी सोडेना. शेवटी सुनेने पानं तिच्या हातातून ओढून घेतली.

माझी सून इंजिनीअरिंगच्या मुलांना शिकवते. त्या वर्षी तिने वर्गात नवी पद्धत आणली होती. ऐकलेलं शब्दाला शब्द लिहायचं नाही, समजेल तसं चित्र काढायचं आणि बाजूला दोन ओळी. काही मुलं सुट्टीच्या दिवशी नवघरला आमच्याकडे यायची. ही मुलगी मराठी शाळेतली, इंग्रजी वाक्यं पाठ करून थकलेली. चित्रं काढायला लागली तेव्हा तिला पंप कळला. पाणी कुठे जातं ते दाखवायला बाकीचे बाण काढायचे, ही बोंबील काढायची.

"पंप काढलायस की बोंबील सुकत घातलेस?" एक मुलगा म्हणाला.

"बाण कुठं पाण्यात जातो? बोंबील जातो," ती म्हणाली. "तुला खायला न्हाय मिळत म्हणून जळतोस."

मी चौथी शिकलेली. ते पान बघून मलाही कळलं गच्चीवर पाणी कसं चढतं.

मग सुनेच्या वरच्या सरांनी जर्नलं बघितली. हा काय मासळीबाजार आहे, म्हणाले. बाहेरून परीक्षक येणार, सगळं लिहिलेलं पाहिजे, तेही उद्याच. सून भांडली नाही, घरी येऊन पानं फाडायला बसली. तिला अजून नोकरीत कायम व्हायचं होतं.

संध्याकाळी मुलं मागच्या वर्षीची जर्नलं घेऊन आमच्या हॉलमध्ये उतरवायला बसली. सगळीच मुलं असं करतात, फक्त आकडे बदलतात. हिने कधी कोणाचं उतरवलं नव्हतं, आकडे बदलायचे असतात हे तिला ठाऊक नव्हतं. सून आत फोनवर होती.

"आजी, हाय तसंच लिहू?"

"तसंच लिही आणि नीघ," मी म्हटलं. "डोंगरीची बस जाईल."

कॉलेजात पंप त्याच वर्षी बदलला होता. तिच्या जर्नलमध्ये आकडे जुन्या पंपाचे. परीक्षकांनी विचारलं, कोणाचं उतरवलंस? पंप मला कळलाय, कागद द्या, चित्र काढून सांगते, म्हणाली. त्यांनी दिला नाही. सून तिथेच उभी होती आणि गप्प राहिली. हे सुनेनेच मला घरी येऊन सांगितलं, चपला न काढता. मी तिला जेवायला वाढलं.

मुलगी नापास झाली. परत आमच्याकडे आली नाही. सून कायम झाली. आता ती फळ्यावर लिहिते आणि मुलं उतरवून घेतात. चूक तिची का माझी, यावर आम्ही दोघी कधी बोललो नाही.

वर्ष त्या मुलीचं गेलं. आमचं काही गेलं नाही.