माझ्यासाठी धरलेले उपास

शुद्धलेखनाच्या चुका असतील आणि अक्षर तर कोंबडी चालून गेल्यासारखं आहे, त्याबद्दल आधीच माफी मागते. माझी शाळा चौथीत सुटली. हे कुणाला दाखवायचं नाही, तरी माफी मागितल्याशिवाय मला कुठलंच काम सुरू करता येत नाही.

ते कामसुद्धा मी माफी मागूनच करायचे.

मी लंडनमध्ये एजवेअरला मुलाकडे राहते. मुलगा आणि सून ऑफिसला गेले की दुपारी घर रिकामं. एकदा फोनवर वांग्याच्या भरताचा व्हिडिओ बघताना मध्येच जाहिरात आली, माझा अंगठा तिच्यावर पडला, आणि जे उघडलं ते बंद करायला मला फार वेळ लागला. दुसऱ्या दिवशी जाहिरात आली नाही, मीच शोधत गेले. मग रोजचंच झालं. आमच्या किचनमध्ये चर्चचं कॅलेंडर आहे, त्यावर प्रभू येशू कोकरू घेऊन उभा आहे. आधी त्याच्यावर भांडी पुसायचा टी-टॉवेल टाकायचा, "प्रभू, क्षमा कर," म्हणायचं आणि मग फोन उघडायचा. नंतर रडायचं, टॉवेल काढायचा आणि कणीक मळायला घ्यायची. सुनेने एकदा विचारलं, "आई, हा टॉवेल सारखा इथे का असतो?"

"इथे लवकर वाळतो गं," मी म्हटलं.

साठी उलटलेली विधवा बाई. सांगणार कुणाला?

आमच्या मराठी बायकांची प्रार्थनासभा एका इंग्रज चर्चच्या हॉलमध्ये भरते. तिथे प्रत्येकीने आपला विषय सांगायचा आणि बाकीच्यांनी त्यासाठी प्रार्थना करायची. कुणाचा व्हिसा, कुणाचे गुडघे, कुणाच्या मुलीचं लग्न. जिला बोलायचं नसेल तिने नुसतं "मनातला विषय" म्हणायचं. तो काय आहे ते कुणी विचारायचं नाही, अशी रीत आहे. मी कधी तोंड उघडत नाही. त्या दिवशी उठले, म्हटलं, "मनातला विषय. फार जड आहे," आणि रडू फुटलं.

रीतीप्रमाणे कुणीच काही विचारलं नाही. सगळा घोळ त्यामुळेच झाला.

विचारायचं नाही, पण आपापसात ठरवायला बंदी नव्हती. त्यांनी कॅन्सर ठरवला. आमच्या खजिनदारबाईंनी उपासाच्या पाळ्या लावल्या, रोज एकीने माझ्यासाठी उपाशी राहायचं. आणि आजारी माणसाला डबा पोचवायची आमची पद्धत, म्हणून उपास जिचा, तिचंच जेवण माझ्याकडे यायचं. त्या वाळत चालल्या, आणि मला ब्लाउज दंडात घट्ट होऊ लागले. खजिनदारबाई डबा दारातच द्यायच्या आणि डोळे पुसायच्या.

"डॉक्टर काय म्हणाले?" एकदा त्यांना राहवलं नाही.

"डॉक्टरला सांगितलेलंच नाही."

"घरी?"

"नाही."

"किती सोसतेस गं बाई!"

मी डबा आत नेऊन ठेवला. आजारी नाही म्हटलं तर पुढचा प्रश्न आला असता, मग झालंय काय? त्याचं उत्तर दिलं की या बायका मला दारात उभं करणार नाहीत, याची मला खात्री होती. आणि इथे त्या सोडून मला आहे कोण?

त्या दुपारीसुद्धा मी टॉवेल टाकला. शेजारी त्यांचा पुलाव होता.

पुढच्या सभेला त्यांनी मला पुढे बोलावलं आणि हातात एक पाकीट ठेवलं. वर्गणी काढून विमानाचं तिकीट काढलं होतं. पुण्याला जाऊन बहिणीला एकदा शेवटचं भेटून यावं म्हणून. एक टाळ्या वाजवायला लागली, दुसरीने तिचा हात धरला. मेल्यासारखं वाटलं. मनात म्हटलं, प्रभू, आता तूच उचल. आणि बोलून टाकलं, खाली फरशीकडे बघून.

"मला काही आजार नाही. मी फोनवर घाण बघते. उघड्या माणसांचं. रोज. सुटत नाही."

खजिनदारबाई म्हणाल्या, "म्हणजे कॅन्सर नाही?"

"नाही."

"देवाची स्तुती असो," त्या म्हणाल्या, आणि लगेच, "अगं, पण तिकीट परत होत नाही!"

"आणि मी मटण सोडलं होतं," मागून कुणीतरी बोललं. दोघी पर्स उचलून निघून गेल्या.

तेवढ्यात इथेच जन्मलेली एक मुलगी उठली. दातांची डॉक्टर आहे, मराठी तोडकंमोडकं बोलते. "आंटी, माझा पण सेम आहे. युनिव्हर्सिटीपासून. मला वाटला ओन्ली मेन लोकांना असते." मी तिच्याजवळ जाऊन बसले. खजिनदारबाई आम्हा दोघींकडे बघत राहिल्या, मग आमच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी मोठ्याने प्रार्थना केली. त्या प्रार्थनेतही तिकीट आलंच.

तिकीट माझ्या नावाचं होतं, म्हणून मला जावं लागलं. सभेतल्या बायकांनी बहिणीला माझ्या आजाराचं आधीच कळवलेलं. विमानतळावर सगळं गोत रडायच्या तयारीने उभं, आणि मी बाहेर आले ती गुबगुबीत.

"अगं, ही तर माझ्यापेक्षा जाड झाली!" बहीण ओरडली.

"बरी होतेय," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं.

परत आल्यावर खजिनदारबाईंनी फर्मान काढलं, रोज दुपारी त्यांच्या घरी यायचं. फोन त्यांच्या तांदळाच्या पिंपात. मी त्यांच्याकडे आलेल्या ऑर्डरच्या चपात्या लाटायच्या, त्या स्तोत्रं वाचायच्या, मध्येच, "कडा जाड राहतायत!" शनिवारी दातांची डॉक्टर यायची, तिच्या चपात्या कुणी विकत घेत नसे. एकदम सुटलं असं नाही. दोनदा घसरले, दोन्ही वेळा जाऊन सांगितलं. खजिनदारबाई म्हणाल्या, "बरं. हात धू, कणीक घे." पूर्वी मी माफी मागून पाप करायचे. आता मोह आला की आधीच प्रभूला सांगते, बघ, आलाय. कॅलेंडर उघडं असतं. महिनेच्या महिने गेले, हात फोनकडे वळत नाही.

चपात्यांच्या पैशातून तिकिटाचे पैसे फेडत होते. त्यांनी नको म्हणून पाहिलं, मी ऐकलं नाही. गेल्या सभेत शेवटचे तीस पौंड सगळ्यांसमोर टेबलावर ठेवले. खजिनदारबाईंनी नोटा उजेडात धरून पाहिल्या, पेटीत टाकल्या आणि म्हणाल्या, "फिटले सगळे."