भोकं पाडलेला पालक

आमच्या वहिनीचा एकच दोष. तिचा पालक फार चांगला असतो.

औषधाचा थेंबही न मारता ती तो वाढवते. वाफ्यांवर बारीक जाळी टाकते, तरी अळी शिरलीच तर पहाटे वाकून हाताने वेचते. म्हणून पानं धड राहतात. आणि धड पानं बघितली की रविवारच्या सेंद्रिय भाजीबाजारातली गिऱ्हाइकं नाक मुरडतात. "एकही भोक नाही? म्हणजे नक्की फवारलेला." वहिनी घसा कोरडा पडेपर्यंत समजावते, पण ऐकतो कोण? शेजारच्या टेबलावरचा किडका, मलूल कोबी मात्र हातोहात खपतो. तो कुठल्या गोदामातून येतो, हे कुणी विचारत नाही. अळी दिसली की या शिकल्यासवरल्या लोकांना शेत दिसतं. काय बोलायचं यांच्यापुढे.

शेवटी बाजार चालवणाऱ्या बाईंनी बजावलं, "या रविवारीही माल उरला, तर टेबल दुसऱ्याला देईन." वहिनीचं सगळं घर त्या टेबलावर चालतं. माझं डोकंच फिरलं. शनिवारी मी कचेरीतलं पंचिंग मशीन घरी आणलं आणि वहिनीची पाठ वळताच जुड्यांच्या वरच्या पानांना भोकं पाडली.

रविवारी जुड्या मीच मांडल्या. बघता बघता रांग लागली. एक आजी जुडी छातीशी धरून म्हणाल्या, "आता कसं खरं वाटतं. सुनेला सातवा महिना आहे हो. तिच्या पोटात औषध जायला नको, म्हणून दोन बस बदलून येते मी."

वहिनीने एक पान उजेडात धरलं. सगळी भोकं गोल, एका मापाची. "इतक्या शिस्तीची अळी मी नाही पाहिली," ती म्हणाली आणि माझ्याकडे वळली. मी नजर चुकवली. मग तिने आजींना सगळं सांगून टाकलं. आजींनी जुडी खाली ठेवली, मागची रांग पांगली, आणि दुपारी टेबल गेलं.

घरी जाताना माझा तोल सुटला. "वहिनी, दोन मिनिटं गप्प बसला असतात तर काय बिघडलं असतं? पालक तर खराच होता ना?"

"खराच होता. पण ते आजींना आता कशावरून कळावं?" टोपली सावरत ती म्हणाली. "त्यांनी जुडी खाली ठेवली ते बरोबरच केलं, भाऊजी. मीही ठेवली असती."