भट्टीवरचं वेटोळं

माझ्या धाकट्या दिरांना कारखान्यात सगळे 'वाढीव' म्हणतात. मी तोंडावर भावजी म्हणते, मनात वाढीवच. चौघांना जेवायला बोलावलं की सहाजणांचा स्वयंपाक, पिशवीत आणखी एक पिशवी. "असू दे थोडं जास्त," हे त्यांचं तत्त्वज्ञान. ते जास्तीचं कधी उपयोगी पडलेलं मी पाहिलेलं नाही.

त्यांचा कारखाना काचेचा. काच वितळवायच्या भट्टीला बाहेरून, बारीक पोलादी नळीत घालून, केसाएवढी काचेची तार लावायची हे त्यांचं काम. साधे तापमापक तिथे महिनाभरात जळतात. या तारेत प्रकाश सोडतात आणि परत येणाऱ्या प्रकाशावरून कितव्या मीटरवर भिंत तापली ते पडद्यावर दिसतं. आतली वीट झिजली की बाहेरची भिंत तापते. ते वेळेत कळलं नाही, तर वितळलेली काच भिंत फोडून बाहेर येते, आणि समोर कोण बसलंय ते पाहत नाही.

गेल्या थंडीत पडदा रोज ओरडायला लागला, की मागच्या कोपऱ्यात भिंत तापली. माणसं जाऊन हात जवळ धरायची, तर काही नाही. भावजी स्वतः चारदा गेले. शेवटी मोठे साहेब म्हणाले, तार खोटं बोलते, उद्यापासून भोंगा बंद. भावजींनी तारेची बाजू घेतली, तर सगळे हसले.

त्याच संध्याकाळी मी त्यांना गच्चीवर कपड्यांची दोरी बांधायला बोलावलं होतं. बांधली, आणि टोकाला हे एवढं वेटोळं लोंबत ठेवलं.

"भावजी, हे कशाला?"

"असू दे, वहिनी. कधी..."

वाक्य तिथेच राहिलं. चहा न घेता निघाले. चहा सोडणारा माणूस नव्हे, म्हणून मी जिन्यातच अडवून विचारलं. भट्टीवर तार जिथून सुरू होते, तिथल्या पहिल्याच जोडपेटीत त्यांनी तारेचं असंच वेटोळं ठेवलं होतं. हातभर ठेवायला सांगितलेलं, यांनी बारा मीटर ठेवलं आणि कुणाला बोलले नाहीत. पडदा बिचारा ते बारा मीटरही भिंतच समजून मोजत होता.

"सांगितलं तर नोकरी जाईल, वहिनी."

"आणि नाही सांगितलं तर?"

ते तसेच परत कारखान्यात गेले. साहेबांना सांगितलं. साहेब टेप घेऊन कोपऱ्यापासून बारा मीटर अलीकडे आले आणि एका बाकापाशी थांबले. सगळे तिथेच डबा खायचे. यंदा तिथे ऊब छान लागते, हातमोजे लगेच वाळतात, म्हणून बाक मुद्दाम भिंतीला चिकटवलेलं होतं.

बाक हलवलं, भट्टी विझवून थंड केली. आत जेमतेम दोन बोटं वीट उरली होती.

नोकरी गेली नाही. तार जोडायचं यंत्र मात्र काढून घेतलं आणि भिंतीवर मीटरचे आकडे रंगवायला बसवलं. आकडे ते गरजेपेक्षा मोठे काढतात, असं ऐकते.

पुढच्या रविवारी ते आमच्याकडे आले आणि मला न विचारता दोरीचं वेटोळं कापून गेले. नेमकं कापायला गेले ते जरा जास्तच कापलं. आता दोरी खिळ्यापर्यंत पोचत नाही.