सोनलच्या सायकलीचा चिमटा

सायकलवाले उत्तममामा मिस्त्री आज सकाळी गेले.
सहा वर्षं मी त्यांना चोर म्हणत होतो.

परंड्यात माझा स्वभाव सगळ्यांना माहीत आहे. पंपावर शून्य बघितल्याशिवाय पेट्रोल घेत नाही. लग्नाच्या पंगतीतसुद्धा चपलांवर डोळा ठेवून जेवतो.

माझी मुलगी सोनल आठवीत गेली, तेव्हा तिला सायकल हवी होती. माझं मत, रेडिमेड घेऊ. काही झालं तर दुकानदाराला धरता येतं.

मामा म्हणाले, "सर, पोर बुटकी हाय. तयार सायकलीवरनं तिचा पाय टेकायचा न्हाय. बारकी फ्रेम घिऊन मापाची बांधून देतो."

मला लगेच संशय आला. बांधताना आत जुनं काय घालतील, कोण जाणे.

म्हणून सगळे पार्ट मीच बार्शीला जाऊन निवडून आणले. प्रत्येकावर, सहज दिसणार नाही अशा जागी, खिळ्याने 'सो' कोरलं.
बदलला की सापडलाच.

सायकल आली. सोनलचे पाय मस्त टेकत होते. मी बॅटरी घेऊन खाली आडवा झालो.

सगळीकडे 'सो'. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर मात्र नाही.

मामांना विचारलं नाही. चोर कधी कबूल करतो का? स्टाफरूममध्ये मात्र सगळ्यांना सांगितलं. पंक्चरसुद्धा दुसरीकडे काढायला लागलो.

त्याच महिन्यात मामा बाजारात पायी दिसायचे. मी म्हणालो, स्वतःची सायकलपण विकून खाल्ली वाटतं.

आज मातीला गेलो. त्यांचं घर दुकानामागेच. दुकानातून आत जाताना भिंतीवर एक चिमटा टांगलेला दिसला.
त्यावर 'सो'.

खरं सांगतो, आधी वाटलं, सापडला एकदाचा.
मग जोडाजवळची चीर दिसली.

मामींनी मला तिथं थबकलेलं बघितलं.
"तुमच्या सोनलचाच हाय, सर. जोडात चिरलेला निघाला. पोर पडंल म्हणून ह्यांनी आपल्या सायकलीचा काढून तिला लावला. तुमी हौसेनं निवडून आणलेला, म्हणून तुमाला सांगू दिलं न्हाय."

मग मोडीत का नाही घातला, एवढंच मी विचारलं.

"घालू दिला न्हाय. म्हनायचे, बापानं किती मायेनं पोरीचं नाव कोरलंय."

मामींना खरं सांगायची माझी छाती झाली नाही.

मामा, ती माया नव्हती. तुमच्यावर ठेवलेली पाळत होती.

स्टाफरूममध्ये मी जे बोललो ते खोटं होतं. ज्यांनी ज्यांनी ऐकलं, त्यांनी हेही वाचा.

माझी पोर तीन वर्षं त्या सायकलीवर शाळेत गेली आणि एकदाही पडली नाही.

मामा, शेवटचा रामराम. जमलं तर माफ करा.