उसन्या पांढऱ्या साड्या

मी हुसेनबी. औशाच्या दवाखान्यात आया होते. आमच्या नर्सबाई शेगुलाबाई किहीमकर, अलिबागकडच्या ज्यू. भूकंपात आठ दिवसांसाठी आल्या अन् इथंच राहिल्या. लई जिद्दी बाई. एकदा ठरवलं की डॉक्टरचंबी ऐकायच्या न्हाईत.

घरं पडलेल्यांसाठी बांधलेल्या पत्र्याच्या शेडात महादेवी राहायची. भूकंपात नवरा गेला, सासू धुरपताबाई तेवढी उरली. दोन वर्षांनी शिवमूर्तीनं तिला मागणी घातली. त्याचीबी बायको ढिगाऱ्यातच गेलेली. पण विधवेचं लग्न लावायचं ते अंधारात, सवाष्णींनी तोंडसुद्धा बघायचं न्हाई, असा रिवाज. महादेवी अडून बसली. "करीन तर उजेडात, चार बायांदेखत. चोरी केली न्हाई मी." अन् एकबी बाई यायला तयार होईना.

शेगुलाबाईंच्या कानावर गेलं. म्हणाल्या, "परवा आमच्या ज्यू पंचांगातल्या अव महिन्याची पौर्णिमा, प्रेमाचा सण. पूर्वी पोरी पांढरं नेसून मळ्यात नाचायच्या. स्वतःचं कुणी नेसायचं नाही, दुसरीचं मागून आणायचं. म्हणजे जिच्याकडं नाही तिला लाज नको. महादेवीलाही तसंच सजवू." अन् नर्सांच्या पांढऱ्या साड्या गोळा करून थेट शेडात घेऊन आल्या.

मी कपाळाला हात लावला. "या अल्ला! बाई, इथं नवरा मेला की पांढरं नेसतात! नवरीला पांढरं?"

बाईंचा चेहरा खर्रकन उतरला. शेडातल्या बाया पदर तोंडाला लावून बघत राहिल्या. महादेवीनं मात्र एक साडी उचलली.

"नेसते मी. पण सगळ्याच नेसा. मग विधवा कोण, सवाष्ण कोण, दाखवा हुडकून!"

कुणी हलेना. माझंच टाळकं फिरलं. नवरा जिता असून मी दुसरी साडी उचलली. "भूकंपानं इचारलं व्हतं का गं, सवाष्ण कोण म्हणून?"

मग एक उठली. तिच्यामागं दुसरी.

पौर्णिमेला भर दुपारी लग्न लागलं. अठराजणी पांढऱ्याफटक! माझी साडी सगळ्यात उंच नर्सची, दोनदा पाय अडकला. बायांना हसू आवरेना, लग्न लावणारे जंगमस्वामी मंत्र विसरले.

कुंकवाची वेळ आली तशी मागची एक बाई पुढं झाली. धुरपताबाई! विधवा म्हणून वीस वर्षं कुणाच्या मांडवात शिरली नव्हती. तिनंच महादेवीच्या कपाळाला कुंकू लावलं.

"जा पोरी, सुखानं नांद," म्हणाली. "पन पंचमीला माहेरी यायचं. माहेर म्हंजी माझं घर, ध्यानात ठेव."